मदत हवी आहे : तळमजल्यावरच्या जुन्या घराचे वायरिंग बदलताना स्विच आणि सॉकेट किती उंचीवर घ्यावेत?

नमस्कार.

दादर पूर्वेला, हिंदमाताजवळ, आमचे तळमजल्यावर दोन खोल्यांचे आणि स्वयंपाकघराचे घर आहे. इमारत सत्तरीच्या पुढची असून भिंती भार पेलणाऱ्या विटांच्या आहेत. वायरिंग अजून लाकडी पट्ट्यांवरूनच गेलेले आहे, फ्यूज चिनी मातीचे आहेत आणि अर्थिंग स्वयंपाकघरातल्या एकाच प्लगला आहे. गेल्या पावसाळ्यात फ्रीजच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या, तेव्हा सगळे वायरिंग नव्याने करायचे ठरवले. परवानाधारक कंत्राटदार नेमला आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), दिव्यांना दीड, सॉकेटना अडीच आणि गीझरला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, प्रत्येक सॉकेटला अर्थिंग, या सगळ्यांवर आमचे एकमत झाले आहे. अडले आहे ते उंचीवर.

कंत्राटदारांचे म्हणणे असे की सर्व स्विचबोर्ड साडेचार फुटांवर आणि खालचे सॉकेट एका फुटावर घ्यावेत, कारण सगळीकडे तसेच करतात. आमच्या घरी या दोन्ही उंची अडचणीच्या आहेत.

माझी आई ७८ वर्षांची आहे आणि वॉकर घेऊन चालते. तिचा उजवा खांदा आखडलेला असल्यामुळे हात खांद्याच्या वर जात नाही, आणि गुडघ्यांमुळे तिला वाकताही येत नाही. मी भिंतीवर वेगवेगळ्या उंचीवर कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावले आणि उंचीचा उल्लेख न करता तिला एकेकाला हात लावायला सांगितले. तीन ते साडेतीन फुटांपर्यंत तिचा हात सहज पोचला. साडेचार फुटांवरच्या पट्टीसाठी मात्र तिने वॉकर सोडून भिंतीचा आधार घेतला. रात्री अंधारात ती रोज असेच करत असणार, हे माझ्या आजवर ध्यानात आले नव्हते. दोन फुटांच्या खाली तर ती जाऊच शकत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी आमच्या घरात फरशीपासून पावणेदोन फूट पाणी होते. त्यानंतरही काही पावसाळ्यांत घोट्यापर्यंत पाणी आले आहे. जुने सगळे प्लग वरच्या बोर्डावर असल्यामुळे त्यांतला एकही बुडाला नव्हता. शिवाय पाणी आले नाही तरी पावसाळ्यात भिंतीला फूटभर ओल चढते आणि गिलावा सुटतो. तेथे सॉकेट बसवणे मला धोक्याचे वाटते.

म्हणून माझा विचार असा आहे की सर्व स्विच सुमारे ३ फूट ४ इंचांवर आणि सर्व सॉकेट अडीच फुटांवर घ्यावेत. परंतु माझ्या मुलीचा दहा महिन्यांचा मुलगा सुट्टीत येतो, आणि काही महिन्यांत तो उभा राहिला की अडीच फूट त्याच्या हाताच्या टप्प्यात येईल. आतून पडदा असलेले सॉकेट घेणार आहे, पण तेवढे पुरेसे आहे का? दुसरे असे की तारा छताकडून खाली येणार, त्यामुळे पॉइंट जितका खाली, तितकी तार पुरण्यासाठी भिंतीत पाडायची खाच लांब. या जुन्या भिंतींवर खाचा कमीत कमी पडाव्यात असे मला वाटते. ज्यांनी अशा घरात वायरिंग केले आहे किंवा वयस्कर माणसांसाठी उंची बदलून घेतली आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

प्रतिसाद

ताई, मी तीस वर्षे वायरिंगच्या कामांवर देखरेख केली आहे, त्यावरून लिहितो. ३ फूट ४ इंच ही उंची योग्य आहे, ती बदलू नका. मात्र सॉकेट वेगळे, अडीच फुटांवर घेण्याची गरज मला दिसत नाही. रोजच्या वापराचा सहा अँपिअरचा सॉकेट स्विचच्याच बोर्डात घ्या. खाच एकच पडेल, आईंना वाकावे लागणार नाही आणि नातवाचा हातही सहजासहजी पोचणार नाही. टीव्हीचा पॉइंट टीव्हीच्या मागेच असावा. फ्रीजचा मात्र मागे न घेता बाजूला चार फुटांवर घ्या, म्हणजे पाणी शिरू लागले तर फ्रीज न हलवता बंद करता येईल.

खाचा उभ्याच मारायला सांगा. भार पेलणाऱ्या भिंतीत आडवी लांब खाच मी कधी मारू दिली नाही.

आता मोजमापाविषयी. जुन्या घराची फरशी क्वचितच सपाट असते, आणि तुम्ही जुन्या लाद्यांवर नव्या बसवणार असाल तर दीड-दोन इंच तेथेच जातात. त्यामुळे पाण्याच्या नळीने (पाणी भरलेली पारदर्शक नळी, जिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहते) सर्व भिंतींवर एकच रेघ मारून घ्या आणि तिच्यापासून मोजा. शिवाय तुमची दारे दोन झडपांची असतील तर ती उघडून पाहा, कारण उघडलेल्या झडपेमागे बोर्ड गेलेला मी अनेक घरांत पाहिला आहे.

तीन फुटांच्या खाली एखादा पॉइंट घ्यावाच लागला, तर असे सर्व पॉइंट एका वेगळ्या एमसीबीवर (भार वाढला की आपोआप पडणारा, फ्यूजच्या जागी येणारा स्विच) ठेवा. पाणी येण्याची चिन्हे दिसली की तेवढाच भाग बंद करायचा, दिवे आणि पंखे चालू राहतात.

मूळ प्रश्नकर्ती

काका, मनापासून आभार. आजच दारे उघडून पाहिली. आईच्या खोलीत कंत्राटदारांनी खूण केलेली जागा खरोखरच झडपेमागे जाते, म्हणून तो बोर्ड चौकटीच्या दुसऱ्या बाजूला घेत आहोत. खाली आता एकच पॉइंट राहतो, तो आईच्या पलंगाजवळच्या दिव्याचा टू-वे स्विच (एकच दिवा दोन ठिकाणांहून चालू-बंद करता येतो असा). पलंग २० इंच उंच आहे आणि ती उशीवर डोके ठेवून हात लांबवते, तेव्हा बोटे २७ इंचांवर टेकतात. २००५ च्या पाण्यापेक्षा ही उंची जेमतेम सहा इंच वर आहे. हा स्विच भिंतीत न घेता पलंगाच्या डोक्याकडच्या फळीवर बसवता येईल का? शनिवारी रेघ मारायला माणूस येणार आहे, त्याआधी कळले तर फार बरे होईल.