कॅनडाच्या पीआरसाठी (कायमच्या वास्तव्यासाठी) आयईएलटीएस, पीटीई की सेल्पिप?

फोंडेकर७
नमस्कार मंडळी. फोंड्यात राहतो, वेर्ण्याला एका कंपनीत अकाउंट्स सांभाळतो. एम.कॉम., पाच-सहा वर्षांचा अनुभव. बायको हायस्कूलात शिकवते. दोघांच्या नावाने एक्सप्रेस एंट्रीत (कॅनडाची गुणांवर निवड करणारी पीआरची योजना) प्रोफाइल टाकायचा विचार पक्का झालाय, पण गाडी इंग्रजीच्या परीक्षेपाशी अडली आहे. चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पुढे इंग्रजी, आपल्याकडे बहुतेकांचं असतं तसंच. ईमेल दिवसभर इंग्रजीत लिहितो, पण बोलायचा प्रसंग फारसा येत नाही. एजंट म्हणतो, आयईएलटीएस अकॅडमिक द्या, ती सगळीकडे चालते. मित्र म्हणतो, पीटीई सोपी. मावसबहीण इंग्लंडात नर्स आहे, ती ओईटीचं नाव घेते. कुणाचं ऐकावं?

डिचोलीची_लेक
आधी एजंट बदला! एक्सप्रेस एंट्रीला अकॅडमिक मुळीच चालत नाही, जनरल ट्रेनिंग लागते. दोन्हींचं लिसनिंग आणि स्पीकिंग सारखंच, पण रीडिंग-रायटिंग वेगळं. फॉर्म भरताना चुकीच्या खान्यात टिक केलीत की फी पाण्यात. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती पुढचे कागद देऊ नका.

उसगावकर_टोरांटो
ताईंनी बरोबर सांगितलं. मी इकडे येऊन बरीच वर्षं झाली, माझ्यामागून घरचे आणि गाववाले आले, त्यामुळे हे प्रश्न मला कायम येतात.

इंग्रजीसाठी कॅनडा तीनच परीक्षा धरतो: आयईएलटीएस जनरल ट्रेनिंग, सेल्पिप जनरल आणि पीटीई कोअर. यातली कोअर 2024च्या जानेवारीअखेर यादीत आली. मित्राने सांगितलेली पीटीई बहुधा पीटीई अकॅडमिक असेल. ती ऑस्ट्रेलियाला चालते, इथे नाही. नाव जवळपास सारखं, म्हणून बुकिंगच्या पानावर ‘कोअर’ हा शब्द डोळ्यांनी वाचा. ओईटी डॉक्टर-नर्स मंडळींची, तुमच्या बहिणीला इंग्लंडच्या नर्सिंग कौन्सिलसाठी लागली असेल. ड्युओलिंगो कॉलेजांच्या प्रवेशाला घेतात, पीआरला नाही.

आता तुम्ही अकाउंट्सवाले, म्हणून आकड्यांतच बोलतो. तुमचा स्कोअर काहीही असो, तो सीएलबी (कॅनडाची भाषेची मोजपट्टी) पातळीत मोजला जातो. एक्सप्रेस एंट्रीतल्या फेडरल स्किल्ड वर्कर गटाला चारही भागांत सीएलबी 7 पुरतं, म्हणजे आयईएलटीएसला प्रत्येकी 6. पण तेवढ्यावर निवड होईल या आशेवर राहू नका. खरी उडी सीएलबी 9 ला आहे: लिसनिंग 8, बाकी तिन्ही 7. ओव्हरऑल बँड (चारही भागांचा सरासरी स्कोअर) इथे कुणी विचारत नाही. समजा तुमचं सगळं उत्तम गेलं आणि रायटिंग 6.5 वर अडकलं. बायको सोबत असताना त्या एका भागाचे गुण 29 वरून 22 होतात. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण उच्च शिक्षण अधिक सीएलबी 9 याचे 50 गुण एकदम 25 होतात, आणि तीन वर्षांहून जास्त परदेशी अनुभव अधिक सीएलबी 9 याचेही 50 चे 25. (त्यांच्या लेखी तुमचा वेर्ण्याचा अनुभव परदेशी.) ईसीएत (परदेशी पदवी कॅनडातल्या कोणत्या पदवीच्या तोडीची ते तपासतात त्यात) तुमचं एम.कॉम. मास्टर्स धरलं गेलं असं समजून बेरीज करा: अर्ध्या बँडाने 57 गुण गेले.

म्हणून सोपी कोणती हे विचारत बसू नका, तुमचा कच्चा भाग कोणता ते आधी शोधा. तुमच्या सांगण्यावरून तो स्पीकिंग दिसतो. आयईएलटीएसला समोर माणूस असतो, 11 ते 14 मिनिटं गप्पा. अडखळलात तर तो पुढचा प्रश्न टाकतो, सूर सापडतो. पीटीईत हेडफोन लावून मशीनशी बोलायचं, शेजारचाही त्याच वेळी मोठ्याने बोलत असतो, शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारासारखा गलका. शब्द आठवायला तीन सेकंद थांबलात की माइक बंद! ज्यांना माणसासमोर घाम फुटतो त्यांना मात्र हेच सोयीचं. सेल्पिपमध्येही मशीनशीच बोलायचं, आणि ती पूर्ण कॅनडाच्या वळणाची: ईमेल लिहा, शेजाऱ्याला सल्ला द्या. रोज ईमेल लिहिणाऱ्याला तिचं रायटिंग घरचं वाटतं.

मला विचाराल तर तिन्हींची एकेक मॉक टेस्ट घरी वेळ लावून द्या आणि मगच पैसे भरा.

फोंडेकर७
57!! हा हिशेब एजंटाने कधी मांडलाच नाही. बायकोलाही परीक्षा द्यावी लागेल का?

उसगावकर_टोरांटो
सक्ती नाही, पण द्याच. जोडीदाराच्या इंग्रजीचे 20 पर्यंत गुण मिळतात. शिवाय शिक्षिका आहेत, कदाचित त्यांचाच स्कोअर वर जाईल. मग मुख्य अर्जदार कोण हे दोन्ही बाजूंनी गणित मांडून ठरवा. नवऱ्याचंच नाव वर असा काही नियम नाही.

मडगावची_मास्तरीण
एक राहिलं. कुणी शाळेत तिसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतलं होतं का? गोव्यात पुष्कळांनी मार्कांसाठी घेतलेलं असतं आणि मग विसरलेलं. टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा या फ्रेंचच्या परीक्षेत चारही भागांत सातवी पातळी गाठली आणि इंग्रजी बरं असलं तर वेगळे 50 गुण मिळतात, शिवाय फ्रेंचवाल्यांच्या निवडीच्या स्वतंत्र फेऱ्या निघतात. वर्षभराची मेहनत आहे, पण पणजीत आलियाँस फ्रॉन्सेज आहे, शिकायची सोय दाराशी आहे.

वाळपई_टू_स्विंडन
धाग्यात घुसखोरी करतो, माफी. भावाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि इंग्लंडचं सेटल्ड स्टेटस (तिथे कायम राहण्याचा हक्क) आहे. लग्न गेल्या वर्षी झालं, वहिनी वाळपईला आहे. तिलाही हीच परीक्षा का?

डिचोलीची_लेक
नाही हो, युकेचं सगळंच निराळं. पहिल्या स्पाउस व्हिसाला ए वन (सगळ्यात खालची) पातळी पुरते, फक्त बोलणं आणि ऐकणं. आयईएलटीएस लाइफ स्किल्स बघा. परीक्षा युके होम ऑफिसने मान्य केलेली आणि मान्य केंद्रावर दिलेलीच हवी, साधी आयईएलटीएस देऊन अडकू नका. पुढे मुदतवाढीला ए टू लागेल.

जुने_पेडणेकर
कागदांचं कुणीच बोललं नाही, म्हणून मी. परीक्षेला ओळखपत्र पासपोर्टच, आणि नाव त्यावर आहे तसंच भरायचं. आपल्याकडे वडिलांच्या जुन्या दाखल्यावर नाईक हे आडनाव पोर्तुगीज थाटात ‘क्यू’ घालून लिहिलेलं, शाळेच्या दाखल्यावर ‘के’ने, आणि पासपोर्टावर आडनावाचा रकाना कोरा, अशी तिहेरी गंमत घरोघरी सापडते. पासपोर्ट दुरुस्त करायचा असेल तर परीक्षेआधी करा. दुसरं म्हणजे निकाल दोन वर्षांच्या आतला लागतो, प्रोफाइल टाकतानाही आणि पीआरचा अर्ज पाठवतानाही. ईसीए व्हायला वेळ जातो, ते आधी सुरू करा.

फोंडेकर७
देव बरें करूं सगळ्यांना. एजंटाला आजच नकार कळवला. मॉक देऊन पाहतो. आयईएलटीएस ठरली तर तारीख गणेशचवथीनंतरची घेईन, त्या दिवसांत आमच्या घरात लिसनिंगचा सराव होणं शक्य नाही.

मडगावची_मास्तरीण
घ्या, पण बुकिंग आत्ताच करा. चवथीनंतरची तारीख हवी असणारे तुम्ही एकटे नाही.