मदत हवी आहे: कॅमेरा उचलला की आजी पदर सावरून ताठ बसते

जपानच्या रिन्को कावाउची यांनी 13 वर्षं आपल्याच घरच्या माणसांचे फोटो काढले. ते पाहून चार महिन्यांपासून मी आजीचा रोजचा दिवस टिपतोय: मेथी निवडणं, वेणी घालणं, दुपारची डुलकी. तिची परवानगी आहे, आणि तिला दाखवल्याशिवाय एकही फोटो घराबाहेर जात नाही.

पण कॅमेरा डोळ्याला लावला की तिचे हात थांबतात. तिचं ते कामात हरवलेपणच मला हवंय.

आठवडाभर कॅमेरा नुसता ओट्यावर ठेवून पाहिला, त्याची तिला सवय झाली. मग मांडीवर धरून, स्क्रीन वर वळवून काढले. क्लिक झालं की ती बघतेच. आवाज बंद करायला इलेक्ट्रॉनिक शटर (पडदा न हलवता, बिनआवाज फोटो घेणारं) लावलं तर एलईडी ट्यूबमुळे फोटोत पट्टे आले. वीज 50 हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, म्हणून शटर 1/100 सेकंदावर ठेवलं, पट्टे गेले.

आता अडलंय फोकसपाशी. गप्पा मारत, स्क्रीनकडे न बघता काढायचं तर फोकस आधीच ठरवावा लागतो. क्रॉप सेन्सरच्या (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 35 एमएमची लेन्स, एफ/2 ला (लेन्सचं छिद्र मोठं उघडून) पाच फुटांवर जेमतेम अर्धा फूट भाग स्पष्ट येतो. छिद्र लहान करून एफ/5.6 केलं तर आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) 3200 वरून 25600 वर जातो, फोटो दाणेदार होतो. फ्लॅश किंवा जास्तीचा दिवा नको, स्वयंपाकघराचा उजेड तसाच राहायला हवा.

घरातल्या माणसांचे असे फोटो काढणाऱ्यांनी सांगा: जास्त रुंद दिसणारी 23 एमएमची लेन्स घेऊन आणखी जवळ बसू, की 35 वरच ऑटोफोकसवर विसंबू?