टोपली कार्यशाळा : ओला बांबू मिळाला, रविवारी परत बसूया

सोमवार

सी-२०२ ताई : नमस्कार मंडळी. काल सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये बांबूची टोपली शिकायला चौदा जण हौसेनं आलात, तीन तास मांडी घालून बसलात आणि एकाचीही टोपली पुरी झाली नाही. त्यात चूक माझी आहे, शिकवायला आलेल्या टोपल्या विणणाऱ्या मावशींची नाही, हे आधी सांगते. मावशींनी मला फोनवर दोनदा बजावलं होतं, "ताई, बांबू ओला हवा, हिरवा, दोन-तीन वर्षांचा." मी वखारीत जो मिळाला तो उचलून आणला. तो परांचीला वापरतात तसला, वाळून पिवळा पडलेला निघाला. कोयत्याचा पहिला ठोका पडला आणि मावशी माझ्याकडे बघून गप्प बसल्या, तेव्हाच मला कळलं. तरी त्यांनी त्याच बांबूतून दोन तास चोया, म्हणजे विणायच्या पातळ पट्ट्या, काढून दाखवल्या. आपण वाकवायला गेलो की त्या तडातडा मोडत होत्या, ते सगळ्यांनी पाहिलंच.

येत्या रविवारी सकाळी १० ते १ परत बसूया. ओला बांबू भोरकडून शनिवारी संध्याकाळी येतोय. त्याचा जादा खर्च माझा. कुणीही एक रुपया अधिक द्यायचा नाही.

ए-३०४ आजी : चूक कसली बाई. शिकताना बांबू मोडतोच. मी येणार रविवारी.

बी-५०१ : मी पण. पण ताई, एक शंका. वाळलेला बांबू रात्रभर पाण्यात भिजवला असता तर चाललं नसतं का?

सी-२०२ ताई : मी पण हेच विचारलं मावशींना. त्या म्हणाल्या, तयार चोया वाळल्या असतील तर पाणी मारून नरम होतात, त्या तसं रोज करतात. पण अख्खा बांबू वाळला की चीरच नीट जात नाही, पाण्यात टाकून मग उपयोग नाही.

बी-२०७ काका : ताई, राग मानू नका. माणशी ६०० रुपये घेतले आहेत. चौदा जणांचे ८,४०० झाले. मंडईजवळ अशी टोपली दीडशेला मिळते. शिकायची हौस मला समजते, पण सोसायटीचा हॉल वापरतोय तर हिशोब ग्रुपवर यावा असं वाटतं.

सी-२०२ ताई : काका, राग कशाला, विचारलंत ते बरं केलंत. दोन रविवारांचा मिळून हिशोब, ओल्या बांबूचा जादा खर्च सोडून, असा : बांबू १,२००, टेंपो ९००, मावशी आणि त्यांचा मुलगा दोघांचे दोन रविवारचे ६,०००, आणि उरलेले ३०० रुपये जखमेवरच्या पट्ट्या, हळद, चहा-बिस्किटं यात गेले. पावत्या आहेत, उद्या फोटो टाकते.

दीडशेच्या टोपलीबद्दल मात्र थोडं लिहू द्या. गेल्या वर्षी मी दुसरीकडे अशाच एका कार्यशाळेला गेले होते. तिथे तयार चोया हातात दिल्या, दोन तासांत छान टोपली झाली, फोटो काढले, घरी आले. मला वाटलं, आली की आपल्याला टोपली विणता! काल मावशींनी बांबूच हातात दिला तेव्हा कळलं की मी त्या दिवशी फक्त शेवटचा भाग केला होता. मावशींच्या घरी टोपलीचा निम्म्याहून जास्त वेळ विणायच्या आधीच जातो. आपण टोपली घेतो तेव्हा विणकाम दिसतं, ती चीर कुणाला दिसत नाही.

काल तुम्ही माझ्या शेजारीच होतात काका, म्हणून आठवण करून देते. मावशींनी बांबूच्या तोंडावर कोयता ठेवून दांडक्यानं एक ठोका दिला. दोन भाग. दोनाचे चार, चाराचे आठ. दर वेळी बरोबर निम्मे, कारण एक बाजू जाड आणि एक बारीक राहिली की चीर बारीक बाजूकडे पळते. पळायला लागली की त्या जाड बाजू गुडघ्याखाली धरून वाकवत होत्या आणि चीर परत मध्यावर येत होती. डोळे माझ्याकडे, बोलणं चालू, हात आपले काम करतायत. मी तेच करायला गेले तर तीन चोया वीतभर जाऊन बाहेर निसटल्या. बांबू वाळका होता हे खरं, पण मावशींच्या हातात त्याच बांबूच्या चोया निघत होत्या.

बी-२०७ काका : तेवढं मी पाहिलं. खरंच बोलताय. माझं म्हणणं फक्त हिशोबाचं होतं, तो मिळाला. 🙏

मंगळवार

सी-४०४ : ताई, मी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी रविवारी येऊ का? फक्त एक प्रश्न आहे. आपण प्लास्टिक टाळायचं म्हणून बांबू वापरतोय, पण त्यासाठी बांबू तोडणं पर्यावरणाला चांगलं आहे का? की झाडंच तोडतोय आपण?

बी-५०१ : बांबू गवत आहे. 🙂

सी-४०४ : दादा, ते माहीत आहे, पण कायद्यानं झाड आहे असं कुठेतरी वाचलं होतं.

डी-३०३ वकील काका : आधी होतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात झाडाच्या व्याख्येत बांबू धरला होता, म्हणून स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून न्यायचा तरी शेतकऱ्याला परवान्यासाठी खेटे घालावे लागायचे. २०१७ मध्ये दुरुस्ती झाली, जंगलाबाहेर वाढवलेला बांबू त्या व्याख्येतून काढला. जंगलातल्या बांबूची गोष्ट वेगळी. तिथे गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाचं नाव घ्यावं लागेल. वनहक्क कायद्याखाली बांबू विकायचा अधिकार मिळवणारं ते पहिलं गाव, आणि २०११ मध्ये वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. तुझ्या प्रोजेक्टला हे नक्की घे, आपल्या राज्यातली गोष्ट आहे.

सी-२०२ ताई : वकील काका, धन्यवाद. तोडण्याबद्दल मावशींचा मुलगा काल सांगत होता ते लिहिते. बांबूचा कोंब पावसाळ्यात जमिनीतून येतो तो आपली पूर्ण जाडी घेऊनच येतो आणि काही महिन्यांत पूर्ण उंच होतो. पुढची दोन-तीन वर्षं तो फक्त पिकतो, घट्ट होतो. त्या वर्षीचा कोवळा तोडला तर चोया आक्रसतात आणि भुंगा लागतो. तीनेक वर्षांचे तोडत राहिलं तर बांबूच्या बेटाला मोकळी हवा मिळते, नवे कोंब जोमानं येतात. तोडायचं ते बेट सांभाळून, सगळं सपाट करून नाही.

सी-४०४ : भुंगा म्हणजे ते बारीक पिठासारखं पडतं ते? आमच्या बाल्कनीतल्या लॅम्पखाली पडतं.

सी-२०२ ताई : तेच. बांबूतला पिठूळ अंश म्हणजे स्टार्च खायला येतो. म्हणून पूर्वीपासून तोडलेले बांबू वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात, तो अंश धुऊन जातो. अमावास्येकडे तोडायचा असंही जुनी माणसं म्हणतात. मावशी ते पाळतात.

ए-३०४ आजी : आमच्याकडं वाईला तर बांबू लांबच राहिला, निरगुडीच्या फांद्यांच्या पाट्या करायचे. तुरीच्या काड्यांच्या पण. शेण काढायची पाटी, भाकरीची दुरडी, कोंबड्या झाकायचं डालगं, सगळं घरचं किंवा बलुत्यावरचं. धान्याची कणगी निरगुडीची विणून आतून बाहेरून शेणामातीनं सारवायचे. माझ्या माहेरी एक होती, मी आत उभी राहिले तरी डोकं दिसायचं नाही.

बी-५०१ : आजी 😍 एवढी मोठी?

ए-३०४ आजी : मी तेव्हा सहा वर्षांची होते रे. पण मोठीच होती. आणि सुपाचं सांगायचं राहिलं. नवं सूप आणलं की मेथ्या भिजवून वाटायच्या, कागद भिजवून त्याचा लगदा करायचा, दोन्ही मिसळून सूप सारवायचं. फटी बुजतात, बारीक कण्या खाली पडत नाहीत, किडा पण येत नाही. कडू ना. माझं एक सूप आहे माळ्यावर, कडेची बांधणी सुटली आहे. मावशी दुरुस्त करून देतील का?

सी-२०२ ताई : विचारते आजी. पण मेथीचं सारवण रविवारी तुम्ही दाखवायचं, हे नक्की!

ए-५०३ : ताई, पुढच्या महिन्यात आमच्याकडे लग्न आहे. झालीच्या विधीसाठी टोपली आणि सुपं लागतात, दुकानातली हल्ली स्टेपलर मारलेली मिळतात. मावशींकडून मिळेल का?

सी-२०२ ताई : नक्की मिळेल, त्यांचं मुख्य काम तेच. मी नंबर तुम्हाला वैयक्तिक पाठवते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : झाल म्हणजे लग्नात मुलीकडची मंडळी कणकेचे दिवे ठेवलेली वेळूची (बांबूची) टोपली नवऱ्याकडच्या मंडळींच्या डोक्यावर धरतात तो विधी. वंश म्हणजे कूळ आणि वंश म्हणजे वेळू पण, म्हणून ती टोपली वेळूचीच हवी.

बुधवार

बी-५०१ : काल रात्री दोन व्हिडिओ बघून घरी कागदाच्या पट्ट्यांवर सराव केला. पहिल्या फेरीत एक वर एक खाली बरोबर जमतं, पण दुसऱ्या फेरीत पट्टी पुन्हा त्याच जागी वर येते. विण बसतच नाही. कुठे चुकतोय?

सी-२०२ ताई : उभ्या कामट्या, म्हणजे ज्यांच्याभोवती विणतोस त्या पट्ट्या, मोज. सम आहेत ना?

बी-५०१ : सोळा.

सी-२०२ ताई : तिथेच अडलं. आठ कामट्या चांदणीसारख्या एकमेकींवर टाकल्या की टोकं सोळाच होणार. सोळावर एकच चोया फिरवली की ती दुसऱ्या फेरीला त्याच कामटीवरून जाते. म्हणून मावशी एका कामटीचं एक टोक मधोमध चिरून दोन करतात. झाली सतरा. आता पहिल्या फेरीत जिच्यावरून गेलात, दुसऱ्या फेरीत तिच्या खालून जाणार, आपोआप. मला हे कळलं तेव्हा मी त्यांना विचारलं, हे कुणी सांगितलं तुम्हाला? म्हणाल्या, "सांगायचं काय त्यात, करून बघितलं की हातालाच कळतं."

बी-५०१ : एक टोक कापून केलं. बसतंय!! 🙏🙏

सी-२०२ ताई : बुड तळहाताएवढं झालं की कामट्यांवर पाणी मारून हळूहळू वर वळवायच्या. तिथे घाई केली की मोडतात. रविवारी तिथपासून पुढे सगळे एकत्र करू.

बी-२०७ काका : ताई, एक मनात आलं ते लिहितो. आपण सगळे शिकलो आणि घरोघरी टोपल्या करायला लागलो तर मावशींचाच धंदा बसणार नाही का?

सी-२०२ ताई : काका, मला पण ही धास्ती होती, म्हणून बोलवायच्या आधी मी त्यांना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "करा की. एक टोपली पुरी केलीत की मग दारात आल्यावर वीस रुपये कमी कर असं म्हणणार नाही तुम्ही." त्यांच्याशी आपण भाव करतो तो आठवून मला खूप वाईट वाटलं. मी स्वतः केलाय तो भाव, त्यांच्याच दारात.

गुरुवार

डी-१०२ : सगळे मेसेज वाचले. मी या ग्रुपवर फारसं लिहीत नाही. आम्ही बुरूड. माझे आजोबा-वडील दोघंही हेच काम करायचे. आमच्या घरी केतय्यांची जयंती असते. बाराव्या शतकातले बसवण्णांच्या काळातले शरण, म्हणजे शिवभक्त संत, त्यांचंही काम वेळूचंच. माझ्या आईच्या दोन्ही हातांच्या बोटांवर चोयांचे बारीक काप कायम असायचे, पीठ मळताना झोंबायचे तिला. म्हणून वडिलांनी मला हट्टानं शिकू दिलं नाही, शाळेत घातलं. मी इंजिनिअर झालो. टोपली मला येत नाही.

सी-२०२ ताई : दादा, तुम्ही लिहिलंत, खूप बरं वाटलं. तुम्ही इतकी वर्षं इथे आहात आणि आम्हाला माहीत नव्हतं.

डी-१०२ : सांगावंसं वाटलं नाही कधी. टोपलीवाला म्हणून शाळेत चिडवायचे. ते जाऊ दे. दोन गोष्टी सांगतो, उपयोगी पडतील. एक, मुलांना बसवणार असाल तर चोयाच्या कडेवरून बोट फिरवू देऊ नका, हिरव्या पाठीची कड ब्लेडसारखी असते. विणायला हिरव्या पाठीची चोया घ्या, आतला गाभा ठिसूळ असतो, तो बाजूला काढा. दोन, कोयत्याची धार बांबू फार लवकर खातो. दर दोन-तीन बांबूंनंतर दगडावर घासायला हवा. सोमवारी ताईंनी लिहिलं की चोया निसटल्या, त्यात निम्मा दोष बोथट कोयत्याचा असेल.

ए-३०४ आजी : बाळा, तुझ्या आईला नमस्कार सांग.

डी-१०२ : आई गेली आजी, सहा वर्षं झाली. तिची एक परडी आहे देवघरात. फुलं ठेवतो त्यात.

सी-२०२ ताई : बारा वर्षांखालच्या मुलांनी फक्त विणायचं, कोयता आणि चिरणं मोठ्यांनीच. दादांनी सांगितलेलं सगळं पाळूया. हॉलमध्ये ताडपत्री टाकूया, कुसळं पायात जातात. जुनी सुती फडकी आणा, गुडघ्यावर टाकायला.

बी-२०७ काका : माळीकाकांनी मागच्या कंपाउंडची निरगुडी परवा छाटली, फांद्या अजून पडल्या आहेत. आजी म्हणाल्या तशी पाटी करून बघता येईल का? मी त्या उचलून सावलीत ठेवतो.

ए-३०४ आजी : ठेव. पानं काढून टाक, आणि ओल्या फडक्यात गुंडाळ, नाहीतर रविवारपर्यंत कडक होतील.

शनिवार

सी-२०२ ताई : बांबू आला. बारा बांबू, हिरवेगार, पार्किंगमध्ये डी विंगच्या बाजूला सावलीत ठेवलेत. कृपया त्यावर गाडी टेकवू नका. मावशी उद्या पावणेदहाला येतील.

डी-१०२ : मी येतो. शिकायलाच येतो. वडिलांचा कोयता आहे माझ्याकडे, धार लावून आणतो.

सी-२०२ ताई : या दादा. मावशींच्या शेजारची जागा तुमची.

बी-१०४ : ताई, एक जागा शिल्लक आहे का? माझं नाव पण लिहा.