डिप्रेशनच्या जागृतीसाठी लाँग राइड काढतोय, पण लोक फक्त किलोमीटर विचारतात

क्लचवायर:
नमस्कार मंडळी. डिप्रेशनबद्दल लोकांनी मोकळेपणाने बोलावं म्हणून सोलो राइड डोक्यात आहे, साधारण ५००० किमी, रूट जवळपास फायनल, जॅकेटच्या पाठीवर काय लिहायचं तेही ठरलंय, पण ज्याला सांगतो तो पहिलं विचारतो गाडी कुठली, टायर कुठले, दिवसाला किती मारणार. डिप्रेशनचं नाव काढलं की "छान उपक्रम", विषय बंद. मी स्वतः गोळ्या घेतो, डॉक्टर जा म्हणालेत. एक मित्र म्हणतो आयर्न बटवाल्यांचं (लांब पल्ल्याच्या रायडर्सची अमेरिकन संघटना) सॅडलसोअर चॅलेंज पण उरकून घे, २४ तासांत १००० मैल, म्हणजे बातमी होईल. करू का? आणि अनोळखी लोकांशी बोलायचं काय, भाषण मला जमत नाही.

हायवेचा_भिडू:
सॅडलसोअर कर की, पण वेगळं कर, ह्यात घुसडू नको. एका दिवसात १६१० किमी मारणाऱ्याला थांबायला वेळ असतो कुठे, आणि लोक बोलतात ते गाडी उभी असताना. मी अशी राइड केलीये. पंपावर माणूस येतो, हँडलला हात लावून बघतो, मायलेज विचारतो, मग पाठीवरचं वाचून गप्प होतो आणि तू हेल्मेट चढवायला घेतलंस की हळूच म्हणतो, "माझा भाऊ पण खोलीतून बाहेरच येत नाही." नेमकी तेव्हा निघायची घाई नसावी. म्हणून दिवसाला ३०० च्या वर जाऊ नको. भाषण कशाला, त्याला बोलू दे, तू फक्त कधीपासून चाललंय, डॉक्टरला दाखवलंय का एवढं विचार. डिस्टिंग्विश्ड जेंटलमन्स राइड बघ, २०१२ ला सिडनीत सुरू झाली, सूट-टाय घालून शहरातल्या शहरात गाड्या फिरवतात, प्रोस्टेट कॅन्सर आणि पुरुषांच्या मानसिक आरोग्यासाठी पैसे जमवतात. अंतर नावालाच, तरी जगभर पसरली.

गोळी_वेळेवर:
मानसोपचार विभागात काम करते म्हणून लिहिते. झोप मोडली की डिप्रेशन उचल खाऊ शकतं, आणि सलग १७-१८ तास जागं राहिलं की रिअॅक्शन थोडी दारू प्यायल्यासारख्या मंदावतात, त्यामुळे ते १००० मैल तुमच्यासाठी तरी नकोच. गोळी नवीन असेल किंवा डोस नुकताच बदललाय तर गुंगी येऊ शकते, तेव्हा निघू नका. राइडवर बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद करणारे तर खूप बघितलेत! चार दिवसांच्या जास्तीच्या ठेवा, आणि सायलेन्सरच्या बाजूच्या पॅनियरमध्ये (गाडीला लावलेल्या सामानाच्या पेटीत) नको, तापतात. कोणी लिथियमवर (मूड स्थिर ठेवणारं औषध) असेल तर पाणी कमी पडू देऊ नका, अंगातलं पाणी कमी झालं की रक्तात त्याची पातळी वाढते आणि ते धोक्याचं असतं.

घरकोंबडा:
मला बाइक येत नाही, डिप्रेशन येतं. एकच विनंती, "रायडिंग हीच थेरपी" टाइप स्टिकर लावू नकोस. ज्या दिवशी उठून दात घासणं होत नाही त्या दिवशी कोणीतरी डोंगर पालथे घालून आलेला दिसला की वाटतं ह्याला जमतं, मग मलाच काय धाड भरलीये. सूर्योदय सगळेच टाकतात, तू लॉजवर दुपारपर्यंत नुसता पडून राहिलास तर तेही टाक. आणि कोणी आत्महत्येचं बोललं तर त्याची गोष्ट, पद्धत, जागा काहीच पोस्ट करायचं नाही, जिथे जाशील तिथल्या हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये आधीच सेव्ह करून ठेव.

क्लचवायर:
सॅडलसोअर कॅन्सल. रोजचे ३०० केले तर सुट्टी पुरत नाही, म्हणून रूटच कापतोय, ३००० पर्यंत येईल. घरकोंबडा, त्या दिवशी व्हिडिओ काढायची ताकद असेल असं वाटत नाही, पण नंतर लिहीन नक्की. गोळीताई, माझी रात्रीची गोळी झोप आणणारी आहे, सकाळी किती वाजता निघू?

गोळी_वेळेवर:
ते मी इथून नाही सांगू शकत. आत्ता घरी असतानाच बघा डोकं पूर्ण कधी उघडतं, आणि डॉक्टरांना नेमकं हेच विचारा, नुसतं "राइडला जाऊ का" नको.