विषय: तातडीचं! सांगलीच्या घरात फ्रिज वायव्येला की नैऋत्येला?

प्रेषक: वहिनी (एडिसन)

मंडळी, वायरमन शनिवारी सकाळी येतोय आणि त्याला भिंतीवर खडूच्या खुणा तयार हव्यात. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरी स्वयंपाकघराचं काम चाललंय, त्याचं परत पहिल्यापासून लिहीत बसत नाही, ओट्याच्या वेळी आपल्या न्यू जर्सीच्या मंडळाच्या या मेल-यादीवर पुरेसं रामायण झालंय. शेगडी आग्नेयेला, तोंड पूर्वेला, सिंक ईशान्येच्या अंगाला, इथवर कोणाची तक्रार नाही. अडलंय फ्रिजवर. नैऋत्येला परसदाराचं दार उघडतं. वायव्येच्या भिंतीपलीकडे न्हाणीघर, ओल मारते. ईशान्येला जागा आहे, जुना पॉइंटही आहे, पण वास्तुवाले म्हणतात तिथे जड काही नको. फोनवर त्यांनी सांगितलं, "विजेचं सगळं आग्नेयेला." सगळं म्हणजे फ्रिज, मायक्रोवेव्ह, मिक्सर, शिवाय ह्यांनी हट्टाने घ्यायला लावलेला डिशवॉशर. सासूबाई म्हणाल्या, मग मी कुठे उभी राहू तेही विचार त्यांना.

कृपया फक्त फ्रिजबद्दल बोला. शुक्रवार रात्रीच्या आत, सांगलीच्या वेळेने.

प्रेषक: नाना (पार्सिपनी)

वहिनी, फोनवरच्या सल्ल्याचं हे असंच होतं. नकाशा मला पाठवा म्हणून मी गणपतीतच म्हटलं होतं. असो. बृहत्संहितेत वास्तुविद्येच्या अध्यायात वराहमिहिरांनी चार ओळीत काम संपवलंय: देवघर ईशान्येला, स्वयंपाकघर आग्नेयेला, भांडीकुंडी नैऋत्येला, धनधान्य वायव्येला. सहाव्या शतकात फ्रिज नव्हता, पण कोठार होतं. फ्रिज म्हणजे आजचं कोठार. तेव्हा वायव्य. ओल मारते तर आधी ओल काढा, ती कुठल्याच शास्त्रात चालत नाही.

प्रेषक: तात्या (प्लेन्सबरो)

नाना, धनधान्य कुठलं घेऊन बसलात? आमच्या फ्रिजात पाण्याच्या बाटल्या, विरजण आणि कालची आमटी. हिशोबाने पाणीच की ते, आणि पाण्याची दिशा ईशान्य, मग तीच का नको?

साताऱ्याला माची पेठेतल्या घरात आमचा पहिला फ्रिज माजघरात होता, कारण स्वयंपाकघरात प्लगच नव्हता. वर क्रोशाचा रुमाल, त्यावर फुलदाणी. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचा, आईला तेच हवं होतं. दिशा कोणी बघितली नाही, आणि आम्हा भावंडांचं काही अडलं नाही. धाकट्याचं थोडं अडलं, पण ते फ्रिजमुळे नाही.

प्रेषक: अण्णा (मेलबर्न)

माझं नाव यादीतून काढलेलं नाही याबद्दल आभार. इथे दुपारचा सूर्य उत्तरेकडून जातो, ऊन उत्तरेच्या खिडकीतून येतं. त्यामुळे आग्नेय आहे तिथेच ठेवायची की ईशान्येशी अदलाबदल करायची, यावर इथल्या वास्तुवाल्यांत दोन पक्ष आहेत. आम्ही दोघांनाही बोलावलं, दोघांनीही पैसे घेतले. शेगडी शेवटी गॅसची लाइन होती तिथेच राहिली.

प्रेषक: छोटू (जर्सी सिटी)

अण्णाकाका, उगवतो तर तुमच्याकडेही पूर्वेलाच ना?

प्रेषक: अण्णा (मेलबर्न)

उगवतो पूर्वेलाच. मुद्दा दुपारचा आहे. सकाळच्या उन्हात स्वयंपाक व्हावा आणि दुपारी डबे खराब होऊ नयेत, हे डोक्यात ठेवून दिशा ठरल्या असतील तर इकडे हिशोब बदलायला नको का?

प्रेषक: तात्या (प्लेन्सबरो)

प्रश्न सांगलीचा आहे. सांगली अजून विषुववृत्ताच्या उत्तरेलाच आहे.

प्रेषक: बापू (सांगली)

तुम्ही सगळे तिथे बसून दिशा बघताय. मी इथे आहे आणि वहिनींचं घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. गावभागात फ्रिज कुठे ठेवायचा हे कृष्णेच्या आयर्विन पुलावरचा पुराची पातळी दाखवणारा काटा ठरवतो. इशारा 40 फुटांवर, धोका 45 वर. 2019 च्या पुरात पाणी 57 च्या पुढे गेलं. 2021 ला परत 50 ओलांडले.

आमचा फ्रिज नैऋत्येलाच होता, अगदी शास्त्राप्रमाणे. फ्रिज पाण्यात बुडतो असं वाटतं ना? तो तरंगतो. दार बंद, आत हवा. आमचा आडवा होऊन तरंगत सगळ्या खोलीत फिरला आणि पाणी ओसरताना दारातच तिरका अडकला. आत शिरायला चौकटीची पट्टी फोडावी लागली. दाराच्या रबरात गाळ असा बसलेला की टूथब्रशने खरवडून काढला, तरी पावसाळी हवेत वास यायचाच. मेकॅनिकने काँप्रेसर बघितला आणि हात जोडले. भिंतीतले खालचे पॉइंट तर उघडल्यावर चिखलच बाहेर आला.

तेव्हा वहिनी, माझं ऐका. पहिलं, तो अमेरिकेत असतो तसला दोन दारी कपाटासारखा फ्रिज घेऊ नका. पाणी चढायला लागलं की दोन माणसांना जिन्यावरून वर नेता आला पाहिजे. तुमचा जिना अरुंद आहे, आधी फितीने मोजा, वळणावर मोजा. दुसरं, तळमजल्याचे सगळे पॉइंट छातीच्या उंचीला. वायरमन म्हणेल बरं दिसत नाही. म्हणू दे. तिसरं, वरच्या मजल्यावर फ्रिजचा एक पॉइंट आत्ताच काढून ठेवा, नंतर चिरी मारायला कोणी मिळत नाही. डिशवॉशर पक्का बसवणार असाल तर तो पाण्याला अर्पण समजा.

प्रेषक: नाना (पार्सिपनी)

बापू, नैऋत्येला जड वस्तू ठेवायची ती हलू नये म्हणूनच. तुमचा हलला म्हणजे पुरेसा जड नव्हता.

प्रेषक: बापू (सांगली)

नाना, या एकदा ऑगस्टात. दोघं मिळून धरू.

प्रेषक: छोटू (जर्सी सिटी)

वहिनी, बापूकाकांच्या मुद्द्यात भर. वायरमनला सांगा तळमजल्याची लाइन वेगळ्या एमसीबीवर (लाइन तोडणारा आपोआप स्विच) घे, आणि मुख्य बोर्ड वरच्या मजल्यावर. पाणी आलं की खालची लाइन तेवढी बंद करता येईल, वर दिवे-पंखे चालू राहतील (सप्लायच बंद केला नाही तर). 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडते ती) हवीच, ओल असलेल्या भिंतीसाठी तर आधी तीच. फ्रिजला 6 अँपिअरचा पॉइंट पुरतो. मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशरला 16 चा, दोघांना वेगवेगळा.

आणि फ्रिज शेगडीशेजारी नकोच, कुठल्याही दिशेला. बाहेरून तापला की काँप्रेसर जास्त वेळ चालतो, बिल तुमचं. भिंतीपासून थोडा पुढे ओढून ठेवा, मागे हवा खेळू दे, म्हणजे वायव्येची ओलही त्याला चिकटणार नाही.

जाता जाता: दिशा फोनच्या होकायंत्रावर बघितली असेल तर कव्हरमधलं लोहचुंबक काढून परत बघा. न्यू जर्सीत सुई खऱ्या उत्तरेपासून बारा-तेरा अंश पश्चिमेकडे झुकते. सांगलीत जेमतेम एखादा अंश, तिथे चिंता नाही. नाना, तुम्ही पार्सिपनीचं किचन कशावर बघितलं होतं?

प्रेषक: नाना (पार्सिपनी)

आमचं किचन उत्तम आहे. विषय भरकटवू नये.

प्रेषक: सचिव

सूचना: ही यादी मंडळाच्या कामासाठी आहे, घरगुती बांधकामासाठी नाही. ओट्याच्या वेळीही हे लिहिलं होतं. आलोच आहे तर विचारतो, गणपतीत वड्यांसाठी काढलेली मंडळाची मोठी कढई कोणाकडे आहे? कोजागरीला दूध आटवायला लागणार. दोनदा विचारून झालं.

प्रेषक: तात्या (प्लेन्सबरो)

कोजागरीवरून आठवलं, मागच्या वर्षी दुधात जायफळ इतकं होतं की आमच्या शेजारचे गृहस्थ कार्यक्रमातच झोपले. यंदा वेलदोडा-केशरच ठेवावं. साताऱ्याहून कंदी पेढे कोणी आणणार असेल तर कुस्करून दुधात घालता येतील, साखरही कमी लागेल.

प्रेषक: वहिनी (एडिसन)

सगळ्यांचे आभार, ठरलं. किंवा आमच्याआधी सासूबाईंनी ठरवलं. बापूंची मेल मी त्यांना फोनवर वाचून दाखवली, अर्ध्यातच त्यांनी फोन ठेवला आणि वायरमनला लावला. फ्रिज एकाच दाराचा, वायव्येला, छातीच्या उंचीचा पॉइंट, भिंतीपासून सुटा. म्हणजे नानांचंही राहिलं. जिन्याच्या वळणावर त्यांनी साडी फॉलच्या पट्टीने माप घेऊन गाठ मारून ठेवलीय, दुकानात तीच नेणार. वर दुसरा पॉइंट. ईशान्येला माठ आणि पाण्याचा फिल्टर, फिल्टर भिंतीवर उंच. रिकामा सिलिंडर नैऋत्येला ठेवायचा म्हणे, त्यावर त्या म्हणाल्या तो पण तरंगतो, त्यालाही वर नेणारा कोण ते सांगा.

डिशवॉशर रद्द. ह्यांना अजून सांगितलेलं नाही आणि हे ही यादी वाचत नाहीत, तेवढं सांभाळून घ्या.

प्रेषक: नाना (पार्सिपनी)

छान. आता वरच्या मजल्यावर पॉइंट कुठल्या कोपऱ्यात काढणार? तिथेही वायव्यच धरा. नकाशा पाठवा.

प्रेषक: बापू (सांगली)

जिन्याच्या तोंडाशी काढा. कोपऱ्यापर्यंत कोण नेतोय.

प्रेषक: सचिव

कढई?

प्रेषक: अण्णा (मेलबर्न)

कढईचं झाकण माझ्या सामानात इकडे आलंय. कढई नाही.