डांबरगोळ्या आणि घट्ट पिशवी नको

जुन्या बाहुल्या डांबरगोळ्या घालून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधाव्यात, असं बऱ्याचदा सुचवलं जातं. कसर लागू नये ही काळजी रास्तच, पण हा उपाय मला पटत नाही. रबरासारख्या मऊ लागणाऱ्या बाहुल्या बऱ्याचदा पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकच्या असतात. त्यांना मऊपणा यावा म्हणून मिसळलेलं द्रव्य काही वर्षांनी पाझरून वर येतं, म्हणून त्या चिकट होतात. बंद पिशवीत ते तिथेच साचतं. डांबरगोळ्यांच्या वाफेने तर काही प्रकारचं प्लास्टिक मऊ पडतं, बटणांचे डोळेसुद्धा बिघडू शकतात. त्यापेक्षा धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळून, उन्हापासून लांब ठेवलेलं बरं. लोकरीच्या केसांना कसर लागलीच, तर फक्त कापडी-लोकरी बाहुली पिशवीत बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायची. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर बाहुलीवरच दव धरतं.

माझ्याकडे मावशीने शिवलेली बाहुली आहे. काळ्या दोऱ्याने भरलेले डोळे, त्यातला डावा जरा वर चढलेला. मान उसवली तेव्हा आईने लाल कापडावर पांढऱ्या दोऱ्याने मोठेमोठे टाके घातले. ते टाके म्हणजे मला आईचं हस्ताक्षरच वाटतं. म्हणून कळकळीने सांगते, दुरुस्ती करताना जुना दोरा उसवू नका, शेजारून नवा टाका घाला. आणि बाहुली कोणी, कोणासाठी शिवली ते चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवा, शाई कापडाला लागते.