आवाज फुटल्यानंतरचे हॅन्सन: तेव्हा ऐकले होते का? अनुभव लिहा

काळी_चार (धागाकर्ती):
गेल्या आठवड्यात लेकाला पेटीच्या सरांनी सांगितलं, "बाळा, सहा महिने ताना बंद. आवाज फुटतोय तुझा. खालच्या सुरात नुसता गुणगुण." पोरगं घरी येऊन उशीत तोंड खुपसून पडलं. गॅदरिंगचं गाणं ठरलेलं होतं ना! त्याची समजूत घालताना मला एकदम हॅन्सन आठवले. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या टल्साचे तीन भाऊ, त्यांचा बँड. १९९७ साली त्यांचं 'म्म्मबॉप' हे गाणं आलं तेव्हा धाकटा झॅक ११ वर्षांचा, मधला टेलर १४चा, थोरला आयझॅक १६चा. मी दहावीत होते. टेलरचा फोटो कंपासच्या झाकणाला आतून चिकटवला होता. आईला सांगितलं होतं, गाणारी मुलगी आहे.

मग २००० साली 'धिस टाइम अराउंड' अल्बम आला. आवाज जाड, गिटारी त्याहून जाड. पॉपमधून रॉकमध्ये 'वाढले' होते. मी दोन गाणी ऐकली आणि कॅसेट मैत्रिणीला देऊन टाकली. रागच आला होता, न विचारता मोठे झाले म्हणून. आता पुन्हा ऐकतेय आणि ती कॅसेट परत मागावीशी वाटतेय.

तुमचं काय झालं होतं? दुसऱ्या कुठल्या बँडचा अनुभव असेल तरी चालेल. यादी नको, प्रसंग सांगा.

तिसरा_माळा:
डोंबिवली. केबलवर दिवसातून पाचदा लागायचं ते गाणं. शब्द कुणाला कळत नसत, गल्लीत विकेट पडली की सगळे 'उंबाप' म्हणून ओरडायचे.

२००० साली मी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर. खोलीत सगळे हेवी मेटल ऐकणारे, भिंतीवर कवट्या. मी 'धिस टाइम अराउंड'ची कॅसेट आणली आणि कव्हर काढून ट्रंकेत कपड्यांखाली ठेवलं. कॅसेट लावली. आमच्यातला सगळ्यात लांब केसांचा गडी उठून बसला. "गिटार कोणाची रे?" म्हटलं, जॉनी लँग. (खोटं नव्हतं, त्या अल्बमवर तो वाजवतोच.) "आणि बँड?" म्हटलं, अमेरिकन आहे. दोन दिवस तीच कॅसेट चालली. तिसऱ्या दिवशी साबण शोधताना कुणाच्या तरी हाताला ट्रंकेतलं कव्हर लागलं. डिग्री मिळेपर्यंत माझं नाव 'उंबाप'. अजूनही त्यातल्या एकाचा फोन आला की पहिला शब्द तोच.

गुपचूप_वाचक:
मी पण आईला मुलगीच सांगितलं होतं. 🙈

भाता_आणि_सूर:
मी पेटी शिकवतो, सांगलीत. इंग्रजी गाण्यांशी फारसा संबंध नाही, पण धागाकर्तीच्या मुलाचं वाचून राहवलं नाही, म्हणून मुलीकडून दोन्ही गाणी लावून घेतली. 'म्म्मबॉप'मधला मुलगा वरच्या सुरांवर पतंगासारखा तरंगतो, त्याला कष्टच नाहीत. नंतरचं लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकलं तर तेच गाणं खालच्या पट्टीत घेतलेलं. योग्य केलं. आमच्याकडे पालक भांडतात, "सर, त्याची पट्टी काळी चार आहे, तीच ठेवा." अहो, होती! गळा बदलला की पट्टी उतरवायची, यात कमीपणा कसला?

'धिस टाइम अराउंड' हे गाणं पियानोवर एकट्याने सुरू होतं आणि बाकीचे मागून येतात. हे मला आवडलं. पूर्वी जे आवाजाच्या उंचीवर भागायचं, ते आता गाण्याच्या चढणीवर उभं केलंय. ड्रमवाला धाकटा मात्र जरा आवरायला हवा. हे माझं मत.

मीठ_कमी:
सगळे पॉपमधून रॉकमध्ये 'वाढले' म्हणताय, ते मला पटत नाही. रॉक म्हणजे मोठ्यांचं आणि पॉप म्हणजे पोरांचं, हे कुणी ठरवलं? 'म्म्मबॉप' नीट ऐका. विषय आहे आयुष्यातली बहुतेक नाती निसटून जाण्याचा. ११ वर्षांच्या पोराच्या ड्रमवर इतकं उदास गाणं जगभर नाचत ऐकलं गेलं. त्यांचाच १९९६चा, स्वतःच्या खर्चाने काढलेला अल्बम आहे, त्यात हे गाणं संथ आहे. ते ऐकलंत तर कळेल. मोठ्या रेकॉर्ड कंपनीकडे आल्यावर डस्ट ब्रदर्स या निर्मात्यांनी त्याला वेग दिला, मधे स्क्रॅचिंग (तबकडी मागेपुढे घासून काढलेला आवाज) टाकलं.

आणि रॉक त्यांनी २००० साली शोधला असंही नाही. वडिलांच्या नोकरीमुळे हे लहानपणी वर्षभर व्हेनेझुएला, त्रिनिदाद, इक्वेडोर असे फिरले. सोबतीला जुन्या रॉक अँड रोलच्या कॅसेट, चक बेरीच्या काळातल्या. म्हणजे माहेरी परत गेले म्हणा हवं तर. मला आजही पहिलाच अल्बम आवडतो आणि त्याची लाज वाटत नाही.

तिसरा_माळा:
@मीठ_कमी, हे हॉस्टेलवर सांगायला तुम्ही हवे होतात.

डॅलसकर:
मूळ साताऱ्याचा, वीस वर्षं टेक्सासात. बायको हॅन्सनची पक्की फॅन, तिने मला त्यांच्या कार्यक्रमाला ओढत नेलं. आजूबाजूला सगळ्या चाळिशीच्या बायका, काहींबरोबर कंटाळलेले नवरे, म्हणजे माझीच जात. मी मोबाईल काढून बसलो होतो. मग तिघांनी एका माइकभोवती उभं राहून वाद्यांशिवाय गायला सुरुवात केली आणि मोबाईल खिशात गेला. एकाच घरातले गळे असले की सूर जुळतात कसे, ते आरतीला चुलत्यांचं ऐकलंय मी. पुढच्या गाण्याला गिटारी अशा दणकल्या की शेजारचा नवराही उठला.

या लोकांनी २०१३ साली बिअर काढली, नाव ठेवलं 'म्म्महॉप्स' (हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं). स्वतःच्या गाण्याची अशी थट्टा ज्याला जमते, त्याचा त्या गाण्यावर राग नसावा.

नऊ_व्होल्ट:
नाशिक. आम्ही चौघं अकरावीपासून हिंदी पॉप वाजवायचो. वाढदिवस, सोसायटीचा गणपती, एकदा मंगळागौर (!). तिसऱ्या वर्षी आमच्या गिटारवाल्याने सेकंडहँड डिस्टॉर्शन पेडल (गिटारचा आवाज खरखरीत करणारं) आणलं आणि आम्ही स्वतःची गाणी करायला लागलो. पहिला प्रयोग नेहमीच्याच सोसायटीत. दुसऱ्या गाण्यात पेडलची चौकोनी बॅटरी मेली. गिटार आधी घरघरली, मग मुकी. समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आजी-आजोबा. एक आजोबा कळवळून म्हणाले, "अरे, मागच्या वर्षीचं म्हणा की!" वॉचमनच्या रेडिओत तशी बॅटरी मिळेल म्हणून धावलो, तर त्यात पेन्सिल सेल. शेवटी मागच्या वर्षीचंच म्हटलं. टाळ्या पडल्या आणि आमच्या गायकाच्या डोळ्यांत पाणी. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही.

म्हणून हॅन्सनची पुढची गोष्ट मला जास्त जवळची. त्यांची रेकॉर्ड कंपनी विलीनीकरणात दुसरीकडे गेली. नवीन ठिकाणी गाणी दाखवायची, नकार घ्यायचा, परत लिहायची, असं वर्षानुवर्षं. शेवटी बाहेर पडून स्वतःची थ्रीसीजी रेकॉर्ड्स काढली आणि २००४ साली 'अंडरनीथ' आला. स्वतंत्र अल्बमांच्या अमेरिकन यादीत थेट पहिला! त्या सगळ्या ओढाताणीवर त्यांनी माहितीपटही केलाय. त्यातल्या मीटिंगा बघताना मला ते आजोबा दिसत होते.

काळी_चार:
@नऊ_व्होल्ट, आजोबांच्या बाजूने मी पण होते हो, २००० साली.

@मीठ_कमी, तो संथ 'म्म्मबॉप' काल लेकाला ऐकवला, मग खालच्या पट्टीतला. दुसरा संपल्यावर म्हणाला, "हा तोच आहे?" म्हटलं, हो. काही बोलला नाही. रात्री भांडी आवरत होते तर खोलीतून पेटीचा आवाज. काळी चारवर सुरू केलं, फाटलं. काळी दोन, फाटलं. मग काळी एक. तिथेही मध्ये एकदा कोंबडा आरवला, आणि तो एकटाच खो खो हसला.

कॅसेटसाठी मैत्रिणीला मेसेज केलाय. ती म्हणते, कुठली कॅसेट?